मागचं डावं दार

आमच्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर नखाएवढा तांबडा दिवा होता. वरून पाहिलेल्या गाडीचं चित्र, आणि त्यातलं एक दार उघडं. ज्या वर्षी आईच्या डोळ्यासाठी दर महिन्याला नागपूरला जावं लागत होतं, त्या वर्षी हा दिवा चालत्या गाडीत मधेच लागायचा, चार-सहा सेकंद राहायचा आणि विझायचा. मागे डावीकडे आई बसलेली असायची. दिवा म्हणत होता, तिच्या बाजूचं दार उघडं आहे. चालत्या गाडीचं दार उघडं असेल तर ऐंशीला टेकलेली बाई रस्त्यावर पडून मरू शकते, हे समजायला फार अक्कल लागत नाही. पण मी उभा जन्म विजेच्या कामात काढलेला माणूस, आणि माझं ठाम मत होतं की दार बंद आहे, दिवाच खोटं बोलतो आहे.

मी जबलपुरातल्या एका कारखान्यात चार्जमन होतो, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारा. काही यंत्रांना जाळीचं दार असायचं आणि दाराला एक स्विच. दार उघडलं की यंत्र थांबायचं, म्हणजे कोणाचा हात आत जाऊ नये. कामाच्या घाईत हे सारखं थांबणं कोणालाच आवडत नाही. मग कोणीतरी पुठ्ठ्याची घडी करून स्विचच्या तोंडात कोंबायचा. यंत्राला वाटायचं दार बंदच आहे. अशी पाचर माझ्या हाती लागली की मी आकाशपाताळ एक करायचो. तिथं सगळे मला टरकून असत, आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं. दुर्दैवानं घरीही मला टरकूनच असत.

जबलपुरातल्या मराठी घरांची एक खोड आहे. सर्दी-खोकला इथल्या डॉक्टरकडे न्यायचा, पण मोठं दुखणं आलं की नागपूर गाठायचं. आमच्या तीन पिढ्या इथं गेल्या, पोरं आपसात हिंदीत भांडतात, तरी पोटात गाठ सापडली की सगळ्यांना नागपूरचा मावसभाऊ आठवतो. आईच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे पाणी साठायला लागलं, तेव्हा तिनं इथं कोणाला डोळ्याला हातच लावू दिला नाही. डावा डोळा आधीच अधू होता, म्हणजे जे काही दिसायचं ते या एकाच डोळ्यानं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की महिन्याला एक इंजेक्शन, थेट डोळ्यात, आणि एकही चुकवायचं नाही. चुकलं तर नजर गेलीच समजा, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

सकाळी निघायचं, दुपारी इंजेक्शन, रात्री मावसभावाकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. बायको शाळेत शिकवायची, तिला सुट्टी मिळत नसे. मी गाडी चालवायचो, आई मागे. पुढे बसली की समोरचा ट्रक अंगावर येतो असं तिला वाटायचं. डाव्याच बाजूला बसायची, कारण उजवीकडून ऊन येतं म्हणे. मला तेव्हा यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

दिवा पहिल्यांदा लागला तो तिसऱ्या खेपेला. नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावर ट्रकांची रांग होती, गाडी चालण्याच्या वेगानं सरकत होती. दिवा दिसला. सोबत एक बारीक टिकटिकही असणार, पण माझा डावा कान कारखान्यातच कामातून गेलेला, त्यामुळे मला ती ऐकू येत नसे.

"आई, दार लागलं का गं नीट?"

"लागलंय रे. तू समोर पाह्य."

मी आरशात पाहिलं. आई पदर सारखा करून सरळ बसली होती, दार बंद होतं, दिवाही विझला होता. मला वाटलं, हादऱ्यानं झालं असेल. पुढे नागपूरपर्यंत काही झालं नाही, परत येतानाही नाही.

चौथ्या खेपेला पुन्हा तेच झालं, आणि पुन्हा आई म्हणाली लागलंय. घरी आल्यावर मी मीटर काढलं. दाराच्या चौकटीत रबरी टोपीतला एक छोटा खटका असतो, दार लागलं की तो दबतो. तो काढून घासला, दाबून पाहिला, शंभर वेळा दाबला. मीटर दर वेळी बरोबर बोललं. मग मला आठवलं की त्याच दाराची काच दुसऱ्या खेपेनंतर खाली गेली की वर येईनाशी झाली होती, आणि मी आतली तार सोडवून ती काच वरच अडकवून ठेवली होती. उन्हाळ्यात बघू म्हटलं होतं. तेव्हा माझाच हात लागून एखादी तार चिमटली असेल, असा निष्कर्ष मी काढला. सुतावरून स्वर्ग गाठायला मला कधीच वेळ लागत नाही. दोन रविवार ते दार उघडून बसलो. आई व्हरांड्यात खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसायची आणि मधेच म्हणायची, "काहून इतकं खोलून राहिला? चालते ना गाडी?"

"दिवा लागतो ना आई. उगाच नाही लागत."

"लागू दे की. दिव्यानं काय होते?"

मला वाटलं, तिला यातलं काय कळतंय.

पाचव्या खेपेला पुलावर दिवा लागला आणि या वेळी विझायला थोडा जास्त वेळ लागला. बिघाड असा नेमानं येत नाही. तार चिमटलेली असेल तर ती खड्ड्यात पत्र्याला टेकेल, घाटात टेकेल, सिवनीच्या अलीकडे रस्ता इतका वाईट होता की तिथं तर ती टेकलीच पाहिजे. पण तिथं दिवा गप्प. घरापासून दहा-अकरा किलोमीटर, नर्मदेवरचा पूल, जाताना, आणि तेवढ्यापुरताच. मी हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, असं नका बोलू, अंगावर काटा येतो." मी तिच्यावर डाफरलो, पण काटा माझ्याही अंगावर आलाच होता.

जबलपुरातल्याच रांझी भागात एक मेकॅनिक होता. वयानं माझ्याहून लहान, बोलायला कमी, हातात जादू. त्यानं नुकतंच दिल्लीहून एक यंत्र आणलं होतं. स्टिअरिंगखालच्या कप्प्यात त्याची वायर खुपसली की गाडीच्या मेंदूत साठलेल्या तक्रारी पडद्यावर यायच्या. प्रत्येक तक्रारीला एक अक्षर आणि चार आकडे. त्यानं यादी खाली-वर केली आणि एकाच ओळीवर बोट ठेवलं. मागचं डावं दार, दाराचा स्विच, गाडी चालू असताना उघडं, अधूनमधून.

"ये तो मुझे भी मालूम है भैया," मी म्हणालो. "तार कहाँ दबी है वो बताओ."

त्यानं दार चार वेळा उघडलं-लावलं, तारेला झटके देऊन पाहिले, पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "भाईसाब, तार में तो कुछ नहीं है. गाड़ी बोल रही है दरवाज़ा खुला, तो खुला होगा."

"मैं खुद चला रहा था. दरवाज़ा बंद था."

"पीछे कौन बैठता है?"

"माँ."

तो माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिला आणि मग "अच्छा" एवढंच म्हणाला. त्यानं कोड पुसला, मी हट्ट केला म्हणून नवा स्विचही बसवला. आज वाटतं, तो त्या वेळी आणखी एखादा प्रश्न विचारणार होता आणि माझा चेहरा बघून गप्प बसला. अनुभवी चार्जमनला कोण शिकवणार.

मी पुलावर एकटा गाडी घेऊन गेलो. दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशी बायकोला मागे बसवून नेलं, नाही लागला. मग वजनाचा प्रश्न असेल असं मनात आलं, म्हणून आईच्या जागेवर अर्धं पोतं गहू ठेवून नेलं. "पोत्याला विचारा, दार लागलं का म्हणून," बायको म्हणाली. मी तीन वेळा पूल ओलांडला, ट्रकांच्या मागे मुद्दाम रेंगाळत. दिवा एकदाही लागला नाही. आणि सहाव्या खेपेला आई बसली, पूल आला, दिवा लागला.

नवा स्विच, अखंड तार, आणि तरी दिवा. इथं कोणीही सरळ विचार केला असता तर उत्तर समोर होतं. ज्या गोष्टीनं फरक पडतो ती एकच होती, आणि ती मागच्या सीटवर बसलेली होती. पण सत्तर टक्के माणसांचं आणि शंभर टक्के तंत्रज्ञांचं असं असतं की मशीनला दोष देणं सोपं जातं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार. शिवाय आईला काही विचारायचं तर तिच्याशी बोलावं लागलं असतं, आणि आमचं बोलणं म्हणजे औषध घेतलं का, चहा झाला का, एवढंच उरलं होतं.

मग मी ते केलं जे मी आयुष्यभर दुसऱ्यांना करू दिलं नव्हतं. स्विचची तार सोडवली आणि टोकाला टेप गुंडाळला. या गाडीत तार सुटलेली असली की गाडीला वाटतं दार बंद आहे. दिवा कायमचा गप्प झाला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. टेप गुंडाळताना मला कारखान्यातला तो पुठ्ठा आठवला नाही असं नाही, आठवला. पण हे वेगळं आहे, असं मी स्वतःला सांगितलं. इथं दार खरंच बंद आहे, फक्त दिवा चुकतो आहे.

सातवी खेप शांतपणे झाली. मी खुशीत होतो. पुलावर मी गाणंही गुणगुणत होतो, आणि मागे काय चाललं आहे हे मला कळायला आता काहीही मार्ग नव्हता.

आठव्या खेपेला थंडी होती. पुलावर एका बाजूची वाहतूक बंद, ट्रक, बस, सगळं एकाला एक चिकटून. आम्ही पुलाच्या मध्यावर आलो तेव्हा उजवीकडून एक मोटरसायकल आली. मागे बसलेल्या बाईनं माझ्या बाजूच्या पुढच्या काचेवर थाडथाड हात मारले. तिचे शब्द मला आधी कळलेच नाहीत, फक्त तिचं वासलेलं तोंड दिसलं. मग तिनं मागे बोट दाखवलं.

"अंकल! अम्मा गिर जाएगी! दरवाज़ा खुला है!"

मी आरशात पाहिलं तर सीटवर आई नव्हती. मी मान वळवली. दार वीतभर उघडं होतं आणि आई त्या फटीत पूर्ण वाकलेली, डावा हात बाहेर, डोकं बाहेर, पांढरे केस वाऱ्यानं उडत होते. उजव्या हातानं तिनं पुढच्या सीटची पाठ धरली होती. बाहेर दोन हातांवर पुलाचा कठडा, आणि कठड्यापलीकडे काहीच नाही, खाली हिरवं-काळं पाणी. मी ब्रेक दाबला. तो दाबायला नको होता हे दाबल्यावर कळलं. दार धाडकन पुढे गेलं, आई त्याच्यासोबत ओढली गेली आणि एक पाय बाहेर लोंबकळला. मागच्या ट्रकचा हॉर्न अंगावर आला. कसं कोण जाणे, मी मागे हात घालून तिच्या स्वेटरची बाही पकडली. मोटरसायकलवाला उतरून आला, त्यानं तिचा पाय आत घेतला, दार लावलं आणि मला म्हणाला, "ध्यान रखा करो."

पूल संपल्यावर मी गाडी बाजूला घेतली.

"काय करत होतीस?" मी ओरडलो. विचारलं नाही, ओरडलो.

"लागलं नव्हतं नीट. लावत होते," ती म्हणाली. तिनं डावी मूठ पदरात घट्ट धरली होती. मला वाटलं, ती थरथरते आहे म्हणून तसं करते आहे.

"लावत होतीस की उघडत होतीस?"

ती बाहेर पाहत राहिली.

आता सगळं माझ्या डोळ्यांपुढे उलगडायला लागलं, आणि ते फार भयंकर होतं. दिवा पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता. दार उघडत होतं, दर महिन्याला, त्याच पुलावर, आणि ती ते हातानं उघडत होती. नदीच्या मधोमध. आणि मी तो दिवा तोडून ठेवला होता.

मी खाली उतरलो. मागच्या दाराच्या कडेला एक छोटा खटका असतो, मुलांसाठी. तो खाली केला की दार आतून उघडत नाही. हा खटका एकदा सिवनीला चुकून लागला होता. मी चहा प्यायला उतरलो आणि आई आत काच वाजवत बसली होती. तेव्हा ती रडवेली झाली होती. "मी काय बकरी आहे का कोंडून ठेवायला?" म्हणाली. मी पुन्हा कधी लावणार नाही असं तिला सांगितलं होतं. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभं राहून मी तो खटका लावला, तिला दिसू नये म्हणून पाठ आड करून.

नागपूरहून आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. स्वयंपाकघराचं दार लोटून, हळू आवाजात. तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "मागच्या आठवड्यात म्हणत होत्या, मी गेले की तुमच्या चकरा वाचतील. आणि म्हणाल्या, मला ग्वारीघाटलाच न्या, नर्मदामाईच्या कुशीत बरं वाटेल. मी म्हटलं, असं काय बोलता. तर हसल्या."

"तू मला सांगितलं नाहीस?"

"म्हातारी माणसं बोलतातच की हो असं."

त्या रात्रीपासून मी घरातली झोपेच्या गोळ्यांची बाटली माझ्या कपाटात ठेवायला लागलो. गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. आई पहाटे उठून नळाकडे गेली तरी माझे डोळे उघडायचे. मी तिच्याकडे चोरून पाहायचो, ती तुळशीला पाणी घालताना, भाकरी मोडताना, आणि मला प्रत्येक गोष्टीत निरोप दिसायचा. तिनं शेजारणीला स्वतःची एक साडी दिली तर मी हादरून गेलो. मला राग येत होता, भीती वाटत होती, आणि सर्वात जास्त म्हणजे लाज वाटत होती की आपल्या घरात आईला जगावंसं वाटू नये. पण मी तिला विचारलं नाही. कसं विचारणार? शब्द तोंडात यायचे आणि मी म्हणायचो, औषध घेतलंस का?

नवव्या खेपेला मी पूर्ण पूल आरशात पाहत चालवला, समोर कमी आणि मागे जास्त. पुलाचा पहिला खांब आला तसं तिनं दाराची कडी हळूच ओढली. दार उघडलं नाही. तिनं पुन्हा ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. मग तिनं माझ्या पाठीकडे पाहिलं. आरशात आमची नजर भेटली का, मला सांगता येत नाही, तिला तेवढं दिसत होतं की नाही तेही माहीत नाही. तिनं हात मांडीवर ठेवले. पूल संपेपर्यंत तिचे ओठ हलत होते. माझ्या मनात आलं, वाचवलं. मी देवाचे आभार मानले.

त्या खेपेला इंजेक्शननंतर डोळ्यात रक्त उतरलं. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं, घाबरू नका, फक्त पुढचं इंजेक्शन चुकवू नका. आई पट्टी बांधून मावसभावाच्या घरी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. घरी आल्यावर तिनं एकच वाक्य सांगितलं. "मी आता पूल ओलांडणार नाही."

मी विनवलं, ओरडलो, मावसभावाला फोन लावून दिला. बायकोनं पाया पडून पाहिलं. इथल्या डॉक्टरांकडे चल म्हटलं, तर म्हणाली, आता काही नको. तिचा आवाज इतका शांत होता की मला माझ्या संशयाची खात्रीच पटली. जगायचंच नाही तिला, असं मी बायकोला म्हणालो. एक महिना गेला, मग दुसरा. तिसऱ्या महिन्यात एक दिवस तिनं चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला, आणि कप फुटल्यावर ती तिथंच उभी राहिली, कुठं पाय टाकावा ते कळेना म्हणून. उजव्या डोळ्यातलं उरलेलं गेलं होतं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी गाडी रांझीला नेली. आता नागपूर नव्हतं, पण ती सोडवलेली तार मला झोपू देत नव्हती. मेकॅनिकनं स्विच पुन्हा जोडला, काचेची मोटर दुरुस्त करायला दाराचं आतलं कव्हर काढलं, उंबऱ्याची प्लास्टिकची पट्टी उचलली, आणि हसला.

"ये लो भाईसाब. आधे तो यहीं रह गए."

पट्टीखाली आणि दाराच्या रबराच्या खाचेत नाणी होती. रुपयाची, दोन रुपयांची. काहींना कुंकू चिकटलेलं होतं.

"अम्मा माई को चढ़ाती होंगी," तो म्हणाला. "शीशा तो आपने बंद कर रखा था."

त्याला एका क्षणात कळलं. जबलपुरात कोणालाही कळलं असतं. नर्मदा रिकाम्या हातानं ओलांडायची नसते, नाणं टाकायचं, हात जोडायचे. आई लग्न होऊन इकडे आली तेव्हापासून हे करत आली होती. लहानपणी नागपूरच्या गाडीत ती माझ्याही हातात नाणं द्यायची. आणि मला हेही आठवलं की काच बिघडली त्याच महिन्यात तिनं विचारलं होतं, पुलावर जरा थांबवशील का, आणि मी म्हणालो होतो, इथं थांबवायला जागा आहे का, आणि नदीत लोखंड टाकून काय मिळतं तुला? मग त्याबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही.

घरी आलो तेव्हा आई व्हरांड्यात बसली होती. मी नाणी तिच्या हातात दिली. तिनं अंगठ्यानं चाचपली आणि ओळखली.

"दोन-दोन टाकायची," ती म्हणाली. "एक जायचं, एक यायचं. येताना पट्टी असे ना डोळ्याला. थोडी आतच पडत असतील, मला कुठं दिसत होतं. त्या दिवशी तू दार लावून टाकलं, तशीच ओलांडली मी माई. हात रिकामा. अन् डोळ्यात रक्त उतरलं. मग कशाला पुन्हा जायचं?"

"आई, रक्त त्यानं नाही उतरलं. ते आजारानं. तू गेली असतीस तर डोळा राहिला असता."

"असेल," ती म्हणाली. तिनं वाद घातला नाही.

"मला सांगायचं ना. सरळ सांगायचं, थांब म्हणून."

"तू रागावतोस रे."

मग तिनं विचारलं, "पण तू दार काहून लावलं होतं? मी पडीन म्हणून?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या वर्षी आमच्या घरात खोटं फार झालं होतं. मी म्हणालो, "मला वाटलं, तू उडी मारशील. मला वाटलं, तुला जगायचं नाही."

तिनं तोंड माझ्याकडे वळवलं, थोडं चुकीच्या बाजूला, जिथं माझा आवाज आहे असं तिला वाटलं तिकडे.

"किती दिवस वाटत होतं असं?"

"त्या दिवसापासून. चार-पाच महिने झाले."

"चार-पाच महिने," ती म्हणाली. "तुला वाटलं, आई जीव द्यायला निघाली. अन् तू खटका लावला, कुलूप लावलं. मला विचारलं नाही?"

"नाही," मी म्हणालो.